भात : वाण बदलू की आधी लागवडीची रीत?

खाचरवाला
मंडळी, सल्ला हवाय. निमगरवा (मध्यम मुदतीचा) भात, उंच वाढणारा जुना वाण, बियाणं दरवर्षी घरचंच. रोप महिनाभराचं झालं की एका चुडात, म्हणजे एका जागी, चार-पाच रोपं लावतो, खाचरात पाणी कायम उभं. युरिया वाढवला की पीक हिरवंगार दिसतं आणि ऐन दाणे भरताना लोळतं, आडवं पडतं. शिवाय आता एकाच खाचरात दोन-तीन उंचीची झाडं दिसतात. सुधारित वाण घेऊ, संकरित घेऊ, की पद्धतच बदलू?

बांधावरचा
उंच वाणाला युरियातलं जादा नत्र पेलत नाही. याच दुखण्यावर फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ आणला. इंडोनेशियातला उंच पेटा आणि तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन यांचा तो संकर. ताट आखूड, त्यामुळे खत दिलं तरी पीक उभं राहतं. तेव्हा युरिया वाढवायचाच असेल तर बुटका वाण घ्या. हाच ठेवायचा तर युरिया कमी करा आणि विभागून द्या. दोन्ही हट्ट एकदम चालणार नाहीत.

चिखलणी
वाणाचं नंतर. महिन्याच्या रोपाचे कितीतरी फुटवे (बुडातून फुटणाऱ्या काड्या) रोपवाटिकेतच वाया जातात, ते आधी थांबवा. श्री पद्धत बघा, मादागास्करमध्ये फ्रेंच पाद्री आँरी द लोलानिए यांनी १९८०च्या दशकात बसवलेली. रोप ८ ते १२ दिवसांचं, एका जागी एकच, २५ बाय २५ सेंमीवर. ओढून उपटायचं नाही. वाफ्यातून मातीसकट, मुळाशी दाणा चिकटलेला असतानाच उचलायचं आणि लगेच लावायचं. पाणी उभं ठेवायचं नाही. बारीक भेगा दिसल्या की पुन्हा भिजवायचं, मुळांना हवा मिळते. तण मात्र दुप्पट जोरात येतं हे कोणी सांगत नाही. कोनोवीडर (तण काढायचं हातअवजार) फिरवायची तयारी नसेल तर नादी लागू नका.

खाचरवाला
एका खोल खाचराचं पाणी काढताच येत नाही. तिथे?

चिखलणी
तिथे नको, कोवळं रोप बुडून सडेल. २०-२१ दिवसांचं लावा, चुडात दोन-तीन.

ओंबीनिवड
संकरित घेतलंत तर बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागेल. घरचं ठेवलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात, पीक एकसारखं येत नाही. सुधारित वाणाचं तसं नाही, भात स्वपरागित आहे. तुमची वेगवेगळ्या उंचीची झाडं म्हणजे बहुधा खळ्यात नाहीतर पोत्यात झालेली भेसळ.

जुना वाण आवडत असेल तर तोच शुद्ध करा. निवड खाचराच्या मधून करा. बांधालगतचं झाड ऊन आणि खत जास्त मिळाल्याने गबदुल दिसतं, तो गुण बियाण्यात उतरत नाही. निवडलेली प्रत्येक ओंबी वेगळी ठेवून पुढच्या हंगामात एका ओंबीची एक ओळ लावा. जी ओळ आतल्या आत वेडीवाकडी दिसेल ती बाद. पेरणीआधी बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते पोचट. खाली बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

आणि वाण व पद्धत एकाच वेळी सगळीकडे बदलू नका, कशाने फरक पडला तेच कळणार नाही. एकाच खाचरात शेजारी-शेजारी पट्टे करा.

खाचरवाला
उंच भेसळ कापणीच्या वेळी काढली तर चालेल?

ओंबीनिवड
एक फेरी निसवताना, म्हणजे ओंब्या बाहेर पडताना, मारा, उंचीतला आणि निसवणीच्या दिवसांतला फरक तेव्हाच उघडा पडतो. दुसरी कापणीआधी, दाण्याचा रंग आणि कुसळ बघून. झाड मुळासकट उपटा, नुसती ओंबी खुडलीत तर खालचा फुटवा निसवतो.