सल्ला हवा: घरच्या घरी चांगली कॉफी (बिया, दळण, भांडी, सगळंच)

पौडफाट्याचा_पांथस्थ

मंडळी, आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळायचं, इन्स्टंटचा चमचा, साखर आणि वरून जायफळ. तीही उपासाला नाहीतर पाहुणे आले की. हल्ली ऑफिसजवळच्या कॅफेत काळ्या कॉफीची चटक लागली आणि महिन्याचा हिशोब बघून घरात बोलणी खाल्ली. तेव्हा आता घरीच. मला बिनदुधाची हवी, बायकोला दाट दुधाची, उडप्याकडे मिळते तशी. बजेट सहा हजार. एवढ्यात एक एस्प्रेसो मशीन (दाबाने दाट कॉफी काढणारं) बसतंय, डब्यावर ठळक अक्षरांत '१५ बार' लिहिलंय. घेऊ का? बिया आणू की पूड? मिक्सरवर दळलं तर चालतं का? सोसायटीत निम्मं वर्ष टँकर असतो, प्यायला आरओचं पाणी.

कावेरीकाठची_माई

मशीन घेऊ नका. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो, पण तो स्थिर हवा आणि पाण्याचं तापमानही स्थिर हवं. स्वस्तातल्या मशीनची बोंब नेमकी तिथेच असते. डब्यावरचे १५ म्हणजे पंपाची कमाल ताकद, तुमच्या कॉफीवर पडणारा दाब नव्हे. वर त्याला लागणारं बारीक, एकसारखं दळण मिक्सरवर होत नाही, म्हणजे ग्राइंडरचा खर्च आहेच.

पैसे ताज्या बियांवर आणि दळणावर घाला, भांडं शेवटी बघा.

तुमच्या मिसेसना हवी ती कॉफी चार-पाचशेच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये होते (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं). आम्ही म्हैसूरला आलो तेव्हापासून घरात दुसरं काही नाही. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालायची, सोबतच्या छत्रीने (दांडीच्या चकतीने) हलकेच सपाट करायची. गच्च दाबलीत तर तासाभराने खाली चार थेंब मिळतील. उकळी बसली की आधी पूड भिजेल एवढंच पाणी घाला. पूड ताजी असेल तर फुगून वर येते, बुडबुडे दिसतात. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी घालून झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. खाली उतरलेला अर्क म्हणजे डिकॉक्शन, ते गॅसवर चढवायचं नाही, कडू होतं. दूध कडकडीत तापवून त्यात डिकॉक्शन ओता.

पूड घेताना पाकीट उलटं करून बघा. चिकोरी किती टक्के आहे ते छापावंच लागतं, आणि ४९ टक्क्यांपर्यंत ती घालायला कायद्याने मुभा आहे! ती असते एका झाडाची भाजलेली मुळी. कॅफिन नाही, पण रंग आणि दाटपणा देते. उडप्याची चव हवी असेल तर ८० कॉफी, २० चिकोरी एवढ्यावर थांबा. बिया घ्यायच्या तर निम्म्या पीबेरी (फळात एकच गोल बी असते त्या), निम्म्या प्लँटेशन ए. 'प्लँटेशन' म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका (सौम्य जातीची कॉफी). 'चेरी' लिहिलं असेल तर अख्खं फळच वाळवलेलं. दुधात कॉफी दबते असं वाटलं तर चौथा हिस्सा रोबस्टा (कडक जातीची कॉफी) घाला. तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा रात्री जपून.

टीकोजी_राव

चिकोरी म्हणजे भेसळच की हो. शंभर टक्के कॉफी सोडून मुळ्या कशाला प्यायच्या?

कावेरीकाठची_माई

राव, छापून, सांगून विकतात, तिला भेसळ कसं म्हणायचं? तुम्ही नका घालू. पण नुसत्या अरेबिकाची दुधातली कॉफी पिऊन 'पांचट लागते' म्हणू नका मग.

संत्रानगरी

काळ्या कॉफीचं मी सांगतो. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते पाकीट परत ठेवा. नुसती 'बेस्ट बिफोर' काही कामाची नाही. भाजल्यापासून पाच-सात दिवसांनी ते महिन्या-सव्वा महिन्यापर्यंत बिया रंगात असतात. अगदी ताज्या बियांतून वायू निघत असतो, म्हणून तेवढे दिवस थांबायचं. आमच्या नागपुरात कॉरिडॉर सेव्हन भाजतात, मुंबईत सबको, शिवाय ब्लू टोकाई सगळीकडे घरपोच देतात. एका वेळी पाव किलोच मागवा, आणि सुरुवात मध्यम भाजणीने करा. एकदम हलक्या भाजणीची घेतलीत तर पहिल्याच घोटाला 'आंबट आहे' म्हणाल.

मिक्सरचं पातं बी कापतं, दळत नाही. त्यामुळे एकाच वेळी पीठही होतं आणि कण्याही राहतात. पिठातून कडू उतरतं, कण्यांतून आंबट, आणि दोन्ही एकाच कपात. दात्यांचा हँड ग्राइंडर घ्या. टाइममोर सी२ किंवा त्या तोडीचा, पाच-सहा हजारांच्या आत-बाहेर. तुमचं बजेट त्यातच संपेल, पण खरं सांगतो, तिथेच संपू द्या. दोन कपांचं दळण मिनिट-दीड मिनिटात होतं.

भांडं फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दांड्याचं उभं भांडं. बिया जाड रव्याएवढ्या दळायच्या, २० ग्रॅमला ३०० मिली पाणी, चार मिनिटं. मग वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा, आणखी दोन-तीन मिनिटं गाळ बसू द्यायचा आणि दांडा पृष्ठभागापर्यंतच न्यायचा, तळापर्यंत दाबायचा नाही. कॉफी बरीच स्वच्छ येते. वजनकाटा हवाच! ग्रॅममधला स्वयंपाकघरातला काटा तीन-चारशेत येतो. भाजणी बदलली की चमच्यातलं वजन बदलतं, त्यामुळे 'दोन चमचे' या मापाला काही अर्थ नाही.

चुलीवरची_सई

ग्राइंडर येईपर्यंत मिक्सरच असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्या. आधी त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, नाहीतर कॉफीला लसणाचा वास येईल. मग बिया थांबत-थांबत, मधे भांडं हलवत फिरवा. झाल्यावर चहाच्या बारीक गाळणीतून चाळा, म्हणजे पीठ खाली पडेल आणि प्रेसला जाड पूड राहील. ते पीठ फिल्टरमध्येही घालू नका, भोकं बुजतात.

देवगडचा_दर्यावर्दी

कोकणातून एक विनंती: बिया फ्रीजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात पाकीट बाहेर काढलं की बियांवर दव धरतं, आणि काल केलेल्या सुकटीचा वास लागतो तो वेगळा. घट्ट झाकणाची लहान बरणी, ओट्यापासून लांब, अंधारात. जास्त बिया आल्या तर आठवड्या-आठवड्याच्या पुड्या हवाबंद करून फ्रीजरमध्ये टाका, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

आणि जायफळाच्या कॉफीला नावं ठेवू नका हो कोणी. तीच कॉफी फिल्टरच्या डिकॉक्शनची करून बघा. जायफळ आयत्या वेळी किसणीवर दोनदा ओढायचं, गॅस बंद केल्यावर. दुधात उकळलं की उग्र होतं. डब्यातली जायफळपूड म्हणजे नुसता भुसा.

ऱ्हाईनकाठचा_मराठी

पाण्याकडे कोणी बघितलं नाही अजून. कपात ९८ टक्क्यांहून जास्त तेच असतं. टँकरच्या जड पाण्यात कॉफीचा आंबट-गोडपणा मरतो. चहावर तवंग धरत असेल तर पाणी जड आहे असं समजा. उलट आरओ अगदीच कोरं पाणी देत असेल तर कॉफी बोथट लागते. बऱ्याच आरओंना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याकडून १०० ते १५० च्या दरम्यान करून घ्या. पाणी उकळलं की अर्धं मिनिट थांबून ओता. भाजणी गडद असेल तर आणखी थोडं थांबा.

दोघांना एकाच भांड्यातून हवी असेल तर मोका पॉटही आहे, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारं भांडं. १९३३ सालचं इटालियन डिझाइन, अजून तसंच चाललंय. खाली गरम पाणीच घालायचं, पूड सपाट करायची पण दाबायची नाही, आच मंद, आणि फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवायचं. मिसेसना दुधात घालायला हा दाट काढा चालेल, तुम्ही गरम पाण्यात वाढवून प्या. दोन अडचणी: लहान पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर धड उभं राहत नाही, वर ठेवायला छोटी जाळी लागते. आणि ॲल्युमिनियमचं इंडक्शनवर चालत नाही.

पौडफाट्याचा_पांथस्थ

सगळ्यांचे आभार. मशीन रद्द. हँड ग्राइंडर मागवला, काटा आणला. स्टीलचा फिल्टर सासूबाईंच्या माळ्यावर निघाला, फुकटात. फ्रेंच प्रेस पुढच्या पगाराला, तोवर माझी काळी कॉफीही डिकॉक्शनमध्ये गरम पाणी घालून. बायकोचा निकाल असा की 'उडप्यापेक्षा बरी, पण साखर कमी.' फक्त फिल्टरमधून पाणी उतरायलाच तयार नाही. पूड दाबलेली नाही, शपथेवर सांगतो. तासाभरात जेमतेम पाव वाटी.

कावेरीकाठची_माई

जुना फिल्टर आहे, भोकांत जुनी पूड आणि तेल बसलं असणार. उजेडाकडे धरून बघा, किती भोकं दिसतात ते. वरचं भांडं रिकामं करून चिमट्यात धरा आणि तळ मंद आचेवर मिनिटभर फिरवा, अडकलेलं जळून जाईल. पुरतं गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. साबण नको, गरम पाणी पुरे. पितळी असेल तर आचेवर धरू नका, कल्हई जाईल. मग चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवून टाचणीने एकेक भोक मोकळं करा. एवढ्यानेही नाही उतरलं तर दळण एक टप्पा जाड करा.