‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दशोध्या: एका अनुवादात ‘जिल्हा तापन’ वाचले आणि जिल्हाधिकारी शेगडी पेटवताना डोळ्यांसमोर आले. विषय कोपनहेगनच्या वस्त्यांचा होता. ‘केंद्रीय तापन’ चालेल का?

डेन्मार्ककर: ‘जिल्हा’ नकोच. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे शहराचा एखादा भाग, आपल्याकडची पेठ म्हणा. ‘केंद्रीय तापन’ म्हटले की तळघरात एक बॉयलर आणि खोल्याखोल्यांतून रेडिएटर, तेही एकाच इमारतीपुरते. इथे इमारतीत बॉयलरच नसतो. वीजकेंद्रात किंवा कचरा जाळतात तिथे तापवलेले पाणी रस्त्याखालच्या नळांतून तळघरापर्यंत येते, हीट एक्स्चेंजरमध्ये इमारतीच्या पाण्याला उष्णता देते आणि निवून दुसऱ्या नळाने परत जाते. पाणी पुरेसे न निवताच परत पाठवले तर बऱ्याच ठिकाणी बिलात जादा आकार लागतो! डॅनिशमध्ये याला ‘फ्येर्नवार्मे’ म्हणतात, म्हणजे दूरची ऊब.

पाटीपेन्सिल: ‘दूरऊब’? दूरध्वनी, दूरदर्शन आहेतच की.

शब्दशोध्या: मोठ्याने म्हणून बघा. उचकी लागल्यासारखे वाटते.

नळपट्टी: मी ‘उष्णतापुरवठा’ म्हणेन. पाणीपुरवठा, वीजपुरवठा यांच्या रांगेत बसतो. घरी मीटर, महिन्याचे बिल, रस्ता खोदला की शेजाऱ्यांची कुरकुर, सगळे तसेच.

डेन्मार्ककर: पटले. इथल्या 1979च्या कायद्याच्या नावाचा अर्थही ‘उष्णतापुरवठा कायदा’ असाच होतो. 1973च्या तेलसंकटात देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती, चांगलेच हाल झाले. मग या कायद्याने नगरपालिकांना आराखडे करायला लावले: कुठल्या वस्तीत गॅसचे नळ, कुठल्या वस्तीत गरम पाण्याचे. जोडणी सक्तीची करायची मुभाही होती. ती सक्ती सगळ्यांना रुचली नाही, पण आज देशातल्या जवळपास दोन तृतीयांश घरांत हीच ऊब आहे.

पाटीपेन्सिल: मग ‘केंद्रीय’ कायमचा बाद?

बर्फाळ: रशियाबद्दल लिहिताना ठेवा. तिथले लोकही ‘केंद्रीय तापन’ याच अर्थाचा शब्द वापरतात आणि तो शोभतोही. सलग पाच दिवस सरासरी तापमान 8 अंशांखाली गेले की शहर तापन सुरू करणार. तुम्हाला त्याआधी हुडहुडी भरली तर स्वेटर घाला. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गरम पाणी काही दिवस बंद, तेही शहराच्याच वेळापत्रकाने.

नळपट्टी: याच चालीवर ‘शीतपुरवठा’ही होईल. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत इमारतींच्या वातानुकूलनासाठी एका केंद्रातून थंड पाणी फिरवतात. आपल्या हवेत याचीच गरज जास्त.

शब्दशोध्या: मग ‘उष्णतापुरवठा’ घेतो, आणि पहिल्यांदा येईल तिथे नळांचे एक वाक्य जोडतो. घर त्याला लावून घेणे म्हणजे ‘संलग्नता’ का?

नळपट्टी: संलग्नता महाविद्यालयाला मिळते हो. जोडणी म्हणा.