युरोपात ‘आपली संस्कृती’ म्हणजे कोणाची? – अनुभव धागा

उदारमतवाद आणि राष्ट्रीय ओळख जपण्याचा आग्रह यांची युरोपातली ओढाताण बातम्यांतून कळतेच. पण शाळेत, कचेरीत, शेजारीपाजारी ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे तिथे राहणाऱ्यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

ॲमस्टरडॅम :
आम्ही २०११ मध्ये इथे आलो, तेव्हा डिसेंबरातल्या सिंटरक्लासच्या (मुलांना खाऊ-भेटी देणाऱ्या संत निकोलसच्या) सणात त्याचा मदतनीस ‘झ्वार्ते पीट’ (काळा पीट) काळे फासलेला चेहरा, कुरळ्या केसांचा टोप आणि रंगवलेले लाल ओठ अशा वेशात असे. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने शाळेतून आणलेल्या चित्राशेजारी स्वतःचा हात ठेवून, “आई, मी पीट आहे का?” असे विचारले. शेजारच्या आजींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. गरिबीतल्या बालपणी वर्षातून एकदा मिळणारा खाऊ त्यांना पीटच्याच हातून मिळत असे आणि त्यात कुणाचा अपमान असेल, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. पुढे शहराच्या मिरवणुकीतल्या पीटच्या गालांवर धुराड्यातल्या काजळीचे फराटे तेवढे उरले, आणि २०२० मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांनीही आपले मत बदलल्याचे सांगितले. आजी अजून हळहळतात. मला दोघींचेही दुखणे खरे वाटते, पण बदल व्हायलाच हवा होता.

कोपनहेगन :
डेन्मार्कमध्ये नागरिकत्वाच्या समारंभात हस्तांदोलन २०१९ पासून कायद्याने सक्तीचे झाले. मी एरवीही आनंदाने हात पुढे केला असता. सक्तीमुळे त्यातला आपलेपणा गेला.

ल्यों :
मुलाच्या शाळेच्या फाटकाशी एक मुलगी रोज डोक्यावरचा रुमाल काढते आणि नीट घडी करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवते. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना मनाई आहे. ज्यूंची टोपी, शिखांची पगडी, मोठा क्रूस हे सारे त्यात येते. चर्चला शासनापासून वेगळे करणाऱ्या १९०५ च्या कायद्यामागचा संघर्ष वाचल्यावर शिक्षकांची बाजू मला पटली, तरी ती घडी पाहताना पोटात तुटते.

म्युनिक :
ल्योंच्या नेमके उलट इथे घडले. जून २०१८ पासून बव्हेरियाच्या (म्युनिक ज्यात येते त्या जर्मन राज्याच्या) सरकारी कचेऱ्यांच्या प्रवेशद्वाराशी क्रूस लावण्याचा आदेश निघाला आणि तो बव्हेरियन संस्कृतीचे प्रतीक असल्याचे सांगण्यात आले. त्यावर इथल्या आर्चबिशपांनीच टीका केली. नेमाने चर्चला जाणाऱ्या माझ्या सहकारी बाईंना तर तो निर्णय फार लागला. ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो, त्याची सरकारने दारावरची पाटी केली, असे त्या म्हणाल्या.