अवमान याचिका केली, जिंकलो की हरलो तेच कळंना

गोदाकाठ :
परवा खंडपीठातून हात हलवत गावाकडं आलो, म्हणून हा धागा. आमची पावणेदोन एकर आजोबांच्या काळात पाझर तलावात गेली. भूसंपादन नाही, मावेजा (मोबदला) नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात रिट याचिका केली. आदेश आला : निवेदनावर १२ आठवड्यांत निर्णय घ्या. वडलांनी पेढे वाटले. १२ चे ३० आठवडे झाले, साहेब ढिम्म. मग अवमान याचिका, नोटीस. तारखेच्या आदल्या दिवशी एक पानी पत्र : 'प्रस्ताव नियमात बसत नाही, सबब निकाली काढण्यात येत आहे.' जावक क्रमांक खोडून वर पेनानं दुसरा घातलेला. कोर्टात तेच पान दाखवलं. निर्णय घ्या म्हटलं होतं, घेतला, उशिराबद्दल माफीनामा. पत्र पटत नसेल तर नवी याचिका करा. संपलं.

अवमान म्हणजे कोर्टाची अब्रू राखायचं हत्यार, आपल्या पदरात काही पडत नाही. शिक्षा बघा : जास्तीत जास्त ६ महिने साधी कैद, २००० रुपये दंड किंवा दोन्ही. आकडा १९७१ च्या अवमान कायद्यातला. आज तेवढ्यात धड शेळी येत नाही.

उस्मानाबादी :
शेळीला मधी ओढू नका, आमच्या नावाचा प्रश्न आहे.
माझी आई निवृत्त शिक्षिका. वेतनफरक ८ आठवड्यांत द्या असा आदेश, फाईल ७ महिने कपाटात. अवमानाची नोटीस साहेबांच्या नावानिशी गेली अन् जो बाबू मान वर करत नव्हता त्याचाच फोन, 'मॅडम, पासबुक घेऊन या.' दंड किती, हे कोण बघतंय? कठड्यापुढं स्वतः उभं राहायची लाज असते. अन् कैद कागदावरच आहे असंही नाही. वनमंत्री असताना कोर्टाचा आदेश डावलून आरागिरण्यांना परवानगी दिली म्हणून स्वरूपसिंग नाईकांना सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये महिनाभर आत घातलं, सोबत खात्याचे प्रधान सचिव.

काळा कोट, परभणी :
दोघांच्या आदेशातला फरक वाचा. आईंच्या आदेशात 'रक्कम द्या' होतं, तुमच्यात 'निर्णय घ्या'. निर्णय चुकीचा असला तरी ते नवं कारण, अवमान नव्हे. सर्वोच्च न्यायालयात परिहार प्रकरणात १९९६ ला हेच ठरलं. मूळ आदेशाच्या चौकटीबाहेर अवमानात जाता येत नाही, हे २०१४ ला पुन्हा सांगितलं. शिवाय अवज्ञा जाणूनबुजून हवी, अन् अवमान लावायची मुदत १ वर्ष. पक्षकार मात्र निकालाचा पैसा काढायलाही अवमान लावा म्हणतात. त्याला दरखास्त आहे, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज. बेलीफ जीपची जप्ती घेऊन गेला की हललेलं ऑफिस मी पाहिलंय. बांधाच्या वादात कोर्टानं दिलेली मनाई मोडली तरी खंडपीठ कशाला? तालुक्याचं कोर्ट मालमत्ता जप्त करू शकतं, ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत टाकू शकतं.

गोदाकाठ :
म्हणजे चूक आमचीच? साहेबानं कोर्टाचा अन् आमचा दोघांचा पोपट केला. आदेशाचा हेतू बघून त्याच तारखेला मावेजा द्यायला लावायची ताकद कोर्टाला कामून नसावी?

उस्मानाबादी :
इथं मी कोर्टाच्या बाजूनं. 'हेतू' ताणायला लागले तर उद्या तुमच्याविरुद्धही ताणतील. याच कायद्यात बोलल्याबद्दलचा फौजदारी अवमानही आहे. २०२० ला प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी दोषी धरून १ रुपया दंड केला, ते आठवा. ती वेसण सैल करू नका.

गोदाकाठ :
तुमचा फरक मिळाला, तुम्हाला वेसण सुचणारच.

(दोन दिवसांनी)
जुनी रिट काढून वाचली. विनंतीच्या परिच्छेदात मावेजा मागितलेलाच नाही. 'निवेदनावर निर्णय व्हावा', एवढंच. वडलांना अजून सांगितलं नाही. वकीलसाहेब, नव्या याचिकेत थेट भूसंपादन मागता येईल का? इतक्या वर्षांनी?

काळा कोट, परभणी :
येईल. विद्या देवी प्रकरणात १९६७ ला रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला द्यायला लावला, उशिराची सबब चालली नाही. जुने सातबारे, फेरफार, तलावाची मोजणी घेऊन या. आणि त्या पत्राचं पाकीट फेकू नका, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागेल.