प्रति: गव्हर्नर कोल्सने वेगळं ते काय केलं?

१७८७च्या कायद्यानेच अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये गुलामगिरीला बंदी होती, मग ती रोखल्याचं श्रेय तिथल्या गव्हर्नर एडवर्ड कोल्सला कशाला, हा इथे मांडलेला मुद्दा मला पटत नाही. बंदी होती, पण बरीचशी कागदावर. मजुरीच्या दीर्घ मुदतीच्या करारनाम्यांच्या आडून काळ्या माणसांना राबवणं सर्रास चालू होतं. १८२३मध्ये तर विधिमंडळाने नव्या राज्यघटनेसाठी परिषद बोलावण्याचा ठराव रेटून नेला, तो गुलामगिरीला राजमार्ग मिळावा म्हणूनच. कोल्सने गव्हर्नरपदाचा पगार त्याविरुद्धच्या प्रचारात घातला. ऑगस्ट १८२४च्या मतदानात ४,९७२ विरुद्ध ६,६४० मतांनी तो ठराव पडला.

इथे कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे त्याच्यावरचा खटला. १८१९मध्ये व्हर्जिनियाहून येताना ओहायो नदीत, नावेवरच त्याने आपल्या गुलामांना मुक्त केलं होतं आणि पुढे कुटुंबप्रमुखांना १६० एकर जमीन दिली. गव्हर्नर झाल्यावर विरोधकांनी तेच उकरून काढलं. मुक्त केलेल्यांसाठी कायद्याने लागणारी हमीची रक्कम भरली नाही म्हणून खालच्या कोर्टाने त्याला २,००० डॉलर दंड ठोठावला. तो रद्द व्हायला १८२६ उजाडलं, म्हणजे त्याचा कार्यकाळ संपायचं वर्ष.