मदत हवी आहे: आतड्याच्या ऑपरेशनआधी अँटिबायोटिकच्या गोळ्याही लागतात का?

बाबा ६७ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला कॅन्सर, गुरुवारी नागपुरात धंतोलीत दुर्बिणीतून ऑपरेशन. शुगर आहे, इन्सुलिन सुरू आहे. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. केमो, रेडिएशन झालेलं नाही.

चिठ्ठीवर दोनच गोष्टी आहेत: आदल्या दिवशी दोन लिटर पाण्यात पोट साफ करायची पावडर, आणि टेबलवर अँटिबायोटिकचं इंजेक्शन. 'ॲलर्जी'पुढची जागा कोरी! पंचवीसेक वर्षांपूर्वी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बाबांच्या अंगभर पित्त उठलं होतं. दम लागला नव्हता, ॲडमिटही करावं लागलं नाही. आता ते मीच पेनाने लिहून ठेवलंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, ठरवून केलेल्या आतड्याच्या ऑपरेशनआधी नुसतं पोट साफ करू नका, सोबत तोंडाने अँटिबायोटिक द्या, असं आहे. चीर देण्याआधीचं इंजेक्शन वेगळं. ज्युनिअर डॉक्टरांना विचारलं तर "इंजेक्शन पुरेसं आहे" म्हणाले. जावई म्हणतात, मेडिकलमधून आणून देऊन टाका. ते आम्ही करणार नाही, तेव्हा कृपया गोळ्यांची नावं-डोस सुचवू नका.

मोठे सर सोमवारी भेटतील, जेमतेम पाच मिनिटं. या क्षेत्रातल्या किंवा यातून गेलेल्या लोकांना विचारायचंय: गोळ्या न देण्यामागे शुगर, ॲलर्जी असं काही कारण असू शकतं का? आणि पेनिसिलिनने पित्त उठलेल्या माणसाला टेबलवरचं इंजेक्शन बदलावं लागतं का, की त्याआधी ॲलर्जीची तपासणी करून घ्यायला सांगू?