ईटन आग : तुमचे अनुभव लिहा

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये वणवा पेटला आणि सँटा ॲना या कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्यांनी तो रातोरात आल्टाडेनात उतरवला. नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्या भागात आपलीही माणसं आहेत. काय पाहिलं, काय उचललं, नंतर काय निस्तरावं लागलं, लिहा. दोन ओळीही चालतील.

आल्टाडेना, लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला
पूर्वेकडच्यांना संध्याकाळीच निघायला सांगितलं होतं. आमचे फोन वाजले ते पहाटे तीन वाजून गेल्यावर! तोवर आम्ही बाहेर पडलो होतो, कारण शेजारच्या आजोबांनी दार बडवलं, "मेसेजची वाट बघू नका." लाईट नव्हते. निखारे रस्त्याला समांतर, आडवे येत होते. सासूबाईंनी बाळकृष्ण शालीत गुंडाळला, मी पासपोर्ट आणि औषधं घेतली. घर गेलं, फक्त धुराडं उभं आहे. आता विमावाले खोलीवार यादी मागतायत. पोळपाटाची किंमत काय लिहायची?

पासाडेना
आमचं वाचलं. पण नळाचं पाणी प्यायचं नाही अशी सूचना होती, आणि उकळूनही उपयोग नाही. जळलेल्या पाइपांमधून बेन्झिन हे विषारी रसायन उतरायची भीती असते. राख झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं.

ला कन्याडा
२००९ चा 'स्टेशन फायर' नावाचा वणवा आम्ही पाहिलाय. तेव्हा डोंगर कित्येक दिवस धुमसत होता, पण विमानं पाणी टाकताना दिसायची, तेवढाच धीर. या वेळी पहिल्या रात्री वाऱ्यापुढे विमानंच उडवता आली नाहीत. माउंट विल्सनची वेधशाळा वाचली हे नशीबच.

पुणे
मुलगा तिकडे असतो. आमच्याकडे आठ तारखेची सकाळ. टीव्हीवर सगळं हॉलिवूड, आल्टाडेनाचं नाव नाही. त्याने वणव्यांचा नकाशा दाखवणारं 'वॉच ड्यूटी' ॲप घ्यायला लावलं. कणकेच्या हातानेच नकाशा सरकवत बसले होते. "निघालोय" एवढा मेसेज आला, मग थेट दुपारी फोन.

आर्केडिया
पोळपाटवाल्या ताई, पॉलिसीत 'रिप्लेसमेंट कॉस्ट', म्हणजे तशीच नवी वस्तू घ्यायचा खर्च, आहे का बघा. असेल तर आज इंडियन स्टोअरमध्ये नवा कितीला मिळतो तो भाव लिहा. आणि घरच्या दिवाळी पार्ट्यांचे फोटो मागवा सगळ्यांकडून, मागे फडताळं दिसतात.